बंदरावरची वही : प्रकल्प नोंदी, जुलै 2025 ते जानेवारी 2026

14 जुलै 2025, सोमवार

पावसाळी मासेमारीबंदी उठायला सतरा दिवस. बोटी खाडीत शाकारून ठेवल्यात, जाळी पडव्यांत आली आहेत. आमच्या तयारीला हीच वेळ.

कागदावर काम एवढंच आहे. दापोली-गुहागर पट्ट्यातल्या आमच्या बंदरात जी मासळी उतरते ती कुठल्या बोटीची, कुठल्या जाळ्यातली, बोट कधी निघाली, कधी आली, हे लिलावाच्या वेळी वहीत लिहायचं आणि आठवड्याचा गोषवारा बंदरावरच्या फळ्यावर लावायचा. माणसं तीन: मी, हिशेब बघणारा एक मुलगा आणि निवृत्त शाळामास्तर. मास्तरांचं अक्षर टपोरं आहे आणि त्यांच्याशी कुणी उद्धट बोलत नाही, कारण निम्मं बंदर त्यांच्या हातचा मार खाऊन मोठं झालंय.

हे का करतोय ते एकदाच लिहून ठेवते. एलईडीच्या उजेडावरची मासेमारी केंद्राने 10 नोव्हेंबर 2017 च्या आदेशाने देशाच्या सगळ्या विशेष आर्थिक क्षेत्रात, म्हणजे 12 ते 200 सागरी मैलांमधल्या समुद्रात, बंद केली. राज्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा 1981 चा. 2021 च्या दुरुस्तीने एलईडी आणि बुल ट्रॉलिंगचा (दोन बोटींनी मिळून जाळं ओढण्याचा) दंड 5 लाखांपासून 20 लाखांपर्यंत गेला आणि प्रकरणं चालवायचा अधिकार तहसीलदारांकडून मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांकडे आला. तरी काळोखाच्या रात्री टेकडीवर उभं राहिलं की समोर पाण्यात गाव वसल्यासारखा उजेड दिसतो. निवेदन घेऊन गेलं की उत्तर ठरलेलं: बोटीचा नंबर द्या, पुरावा द्या. वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या दिव्याचा नंबर मी अंगणातून कसा वाचणार?

पण तो दिवा उजाडता उजाडता मासळी घेऊन कुठल्या तरी धक्क्याला लागतोच. तिथे वही घेऊन बसायचं, असं ठरलं.

21 जुलै, सोमवार

रकाने ठरवायची बैठक. मी सात रकाने नेले होते. सातवा 'मासेमारीची जागा'.

दालदी, म्हणजे मुस्लिम मच्छीमारांच्या, वस्तीतले चाचा, पंचेचाळीस वर्षं तांडेल (बोट चालवणारा प्रमुख), त्या रकान्यावर बोट ठेवून हसले. "बाय, जागा मी पोराला पण सांगत नाय. तो माझ्याच बोटीवर असतो म्हणून त्याला कळते."

सगळे हसले आणि रकाना गेला. त्यांचं चूक नाही. मासळी कुठे लागली हे तांडेलाचं भांडवल. गेल्या वर्षी 30 ऑगस्टला पालघरच्या कार्यक्रमात इस्रोने विकसित केलेल्या ट्रान्सपाँडरची (बोटीची जागा आणि संदेश उपग्रहामार्फत कळवणाऱ्या यंत्राची) योजना जाहीर झाली, देशभरात 1 लाख बोटींवर बसवायची. वादळाची सूचना, संकटात संदेश, मासळीच्या संभाव्य जागांची माहिती, सगळं त्यात. आमच्याकडे पहिला प्रश्न आला तो, "आमची जागा कोणाकोणाला दिसणार?"

मग मास्तर म्हणाले, जागा नको, वाव लिहा. किती वावात जाळं टाकलं हे तर सगळे लिलावात ओरडूनच सांगतात.

खरंच की. 'बारा वावात बांगडा लागला' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकते आहे. वाव म्हणजे सहा फूट. आमच्या समोरचा तळ हळूहळू उतरतो, त्यामुळे खोली कळली की किनाऱ्यापासूनचं अंतर ढोबळपणे कळतं. राज्याची हद्द 12 सागरी मैल, म्हणजे 22 किलोमीटर. दहा-बारा वाव हे पाणी त्या रेषेच्या चांगलंच आत येतं.

सातवा रकाना: वाव.

28 जुलै, सोमवार

डिझेलच्या नोंदी मागायला एका मच्छीमार संस्थेत गेले. उजेडाच्या बोटीवर जनरेटर रात्रभर चालतो, म्हणजे डिझेल जास्त जाणार. डिझेलवरच्या कराच्या परताव्यासाठी प्रत्येक लिटरचा हिशेब संस्थेकडे असतो. तो शेजारच्या बोटीशी ताडून पाहिला तर निम्मं काम घरबसल्या झालं असतं.

चहा मिळाला. नोंदी मिळाल्या नाहीत. सभासदांची खाजगी माहिती आहे म्हणाले. ज्या फळीवर सभासदांच्या थकबाकीची यादी नावानिशी लावली होती तिच्याखाली बसून हे ऐकलं.

8 ऑगस्ट, शुक्रवार, नारळी पौर्णिमा

नारळ वाहिला. समुद्र अजून खवळलेला, 1 तारखेला बंदी उठूनही निम्म्या बोटी खाडीतच. वहीचं पहिलं पान मास्तरांनी आज लिहिलं. वर 'श्री', खाली तारीख, खाली काहीच नाही.

13 ऑगस्ट, बुधवार

पहिली मासळी, पहिल्या नोंदी. लिलाव वाळूवरच होतो. बैलगाड्या आणि होड्या मासळी काठाला आणतात, ढीग लागतो, पुकारणारा सुरू होतो आणि अर्ध्या मिनिटात ढीग विकला जातो. त्या अर्ध्या मिनिटात सात रकाने भरायचे. मास्तरांना चार जमले. मुलाने मोबाइलवर लिहून पाहिलं, पावसाचं पाणी पडलं की पडदा बोटाला दाद देईना. वही आणि शिसपेन्सिल. शाई पसरते.

नोंदणी क्रमांक हा वेगळाच विषय. बोटीच्या नाळेवर 'आयएनडी-एमएच'पासून पुढचा क्रमांक ठळक असायला हवा. तीन बोटींचा शेवटचा आकडा नव्या रंगाखाली गेलेला. एका मालकाने सांगितलं, रंगाऱ्याने चूक केली. दुसऱ्यानेही तेच सांगितलं. रंगारी एकच असावा.

1 सप्टेंबर, सोमवार

पर्ससीनचा, म्हणजे मासळीच्या थव्याला वेढून खालून फास आवळणाऱ्या जाळ्याचा, हंगाम आजपासून. 2016 च्या अधिसूचनेनुसार राज्याच्या पाण्यात पर्ससीन सप्टेंबर ते डिसेंबर एवढे चारच महिने, तेही परवाना असेल तर. परवान्यांची संख्या 182 पर्यंत खाली आणायचं धोरण त्याच वेळी ठरलं, डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालावरून.

आज गौरीपूजन. खलाशी गावी, बंदर रिकामं. नोंदी तीन. मीही घरी गेले.

9 सप्टेंबर, मंगळवार

वाव बोलायला लागला.

पर्ससीनच्या बोटींवर आमच्याकडे नेपाळी खलाशी पुष्कळ. त्यांना कुणी काही शिकवून ठेवलेलं नाही. मास्तरांनी विचारलं, किती वाव? पोरगं खुशीत म्हणालं, "नौ." आठवड्यात पर्ससीनच्या ज्या नोंदी झाल्या त्यातल्या बहुतेक पंधरा वावांच्या आतल्या. हंगाम चालू आहे, परवाना असेल तर हे सगळं कायद्यात बसूही शकतं. म्हणून फळ्यावर आरोप काही लिहायचा नाही, फक्त जाळं, वाव आणि वेळ.

पुण्याहून फोन. ज्यांच्या पैशावर हे चाललंय त्यांना 'डॅशबोर्ड' हवाय. मी फळ्याचा फोटो पाठवला.

17 सप्टेंबर, बुधवार

फळा लागून आठवडा उलटला. आज सगळ्या पर्ससीन चाळीस वावात गेल्या होत्या.

एकजात सगळ्या. नेपाळी पोरगंसुद्धा "चालीस" म्हणालं आणि मालकाकडे पाहिलं.

मास्तर काही बोलले नाहीत, चाळीस लिहिलं. संध्याकाळी धक्क्यावरच्या सुरक्षारक्षकाच्या नोंदवहीतल्या वेळा उतरवून घेतल्या. मुंबईवरच्या हल्ल्यानंतर बोटी निघाल्या-आल्याची नोंद ठेवायची पद्धत पडली आहे, आणि ती वही आम्हाला पाहू देणारा रक्षक मास्तरांचा विद्यार्थी. एक बोट पहाटे 4 ला निघून 10 ला परत. चाळीस वाव म्हणजे साधारण 73 मीटर पाणी. नकाशात पाहिलं तर आमच्या समोर तेवढी खोली पन्नास किलोमीटरच्या पलीकडे. बोट ताशी 8 नॉट, म्हणजे 15 किलोमीटर, धरली तरी जाऊन येण्यातच सहा तासांपेक्षा जास्त जातात. मग जाळं कधी टाकलं?

आता फळ्यावर 'वाव (सांगितलेले)' आणि त्याच्या शेजारी 'एकूण वेळ' असे दोन रकाने. गणित ज्याचं त्याने करावं. चाचांनी केलं, मोठ्याने, चहाच्या टपरीवर.

19 सप्टेंबर, शुक्रवार

सायकलची दोन्ही चाकं पंक्चर. मोळे नव्हते, सुईने केलेलं बारीक काम होतं. नोंद पूर्ण.

4 ऑक्टोबर, शनिवार

अरबी समुद्रात 'शक्ती' चक्रीवादळ. किनाऱ्याला इशारा, सगळ्या बोटी खाडीत. आपल्या, बाहेरच्या, परराज्यातल्या, एकीला एक बांधलेल्या. काठावरून सातव्या बोटीपर्यंत बोटींवरूनच चालत गेले.

एवढ्या जवळून पाहायची संधी एरवी मिळत नाही. एका मध्यम बोटीवर जाळं नाही, बर्फाची पेटी लहान, पण केबिनमागे ताडपत्रीखाली पिंपाएवढा जनरेटर आणि रबरी आवरणाच्या जाड वायरीचं वेटोळं. वायरीच्या टोकाला काही नव्हतं, नुसता पाण्यात बसणारा जोड. दिवे काढून ठेवलेले. शेजारच्या बोटीवर पर्ससीनचं जाळं, कड्या, दोरखंड, पण विजेचा एक बल्बही जास्तीचा नाही.

या धंद्याची रचनाच अशी. उजेडाची बोट काळोखात दिवे सोडून मासळी गोळा करते आणि जाळ्याची बोट येऊन फास आवळते. गस्त आली तर एकीकडे जाळं नाही आणि दुसरीकडे दिवा नाही. दोघींना एकाच वेळी, एकाच जागी, काम चालू असताना पकडलं तरच केस उभी राहते. गस्तीची नौका धक्क्यावरून सुटली की फोन आधी पोचतात, हे बंदरावरचं शेंबडं पोरही सांगेल.

फोटो काढले. मग पुसले. जनरेटर बाळगणं हा गुन्हा नाही आणि बोटी वादळात आसऱ्याला आलेल्या. आसऱ्याला आलेल्याचा पंचनामा करायचा नाही असं माझ्या आजोबांच्या वेळेपासून आहे. हे लिहिताना मला खात्री नाही की मी बरोबर केलं. पुण्याला कळवलेलं नाही.

7 ऑक्टोबर, मंगळवार

मावसभाऊ घरी आला. तो अशाच बोटीवर आहे, मला माहीत होतं, त्याला माहीत होतं की मला माहीत आहे. आईने त्याला जेवायला वाढलं. जेवून झाल्यावर म्हणाला, "ताई, फळ्यावर आमची बोट लावू नकोस."

मी विचारलं, का करतोस?

त्याचा हिशेब सोपा. गिलनेटच्या (मासळी भोकांत अडकवणाऱ्या उभ्या जाळ्याच्या) बोटीवर चार दिवस जाऊन डिझेल सुटलं नाही की मालक खलाशाचा वाटा उधारीवर ठेवतो. उजेडावर एका रात्रीत म्हाकूल (स्क्विड) आणि बांगडा इतका लागतो की महिन्याचं भागतं. "आणि तुम्हाला जाळ्यात काय मिळतं ते आधी बघ. आम्ही सगळं ओढतो म्हणूनच तुमची जाळी रिकामी, हे मला कळत नाही काय?"

केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने 2019 च्या मासळीचा आकडा दिला होता: राज्यात 2.01 लाख टन, पंचेचाळीस वर्षांतला नीचांक. त्या वर्षी तो बारावीत नापास होऊन बोटीवर चढला.

त्याची बोट फळ्यावर लागेल. त्याला तसं सांगितलं. तो बराच वेळ पडवीत बसला आणि आईला हाक मारून, मला न सांगता गेला.

29 ऑक्टोबर, बुधवार

पुन्हा कमी दाबाचं क्षेत्र, पुन्हा लाल बावटा. या महिन्यात मासेमारीचे दिवस कितीसे झाले! लिलावच नाही तर नोंद कसली. मास्तर वहीला खाकी कव्हर घालत बसले.

6 नोव्हेंबर, गुरुवार

केंद्राचे विशेष आर्थिक क्षेत्रातल्या मासेमारीचे नियम 4 तारखेला अधिसूचित झाले. यांत्रिकी आणि मोठ्या मोटरच्या बोटींना 12 मैलांच्या पलीकडे जायला प्रवेशपास, तो 'रिअलक्राफ्ट' या ऑनलाइन यंत्रणेतून. एलईडी आणि जोडीने ओढायचं ट्रॉलिंग (पेअर आणि बुल) बंद, हे नियमातच. लहान पारंपरिक बोटींना पास लागत नाही.

मला यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. आजवर 'आम्ही बारा मैलांच्या बाहेर होतो' म्हटलं की राज्याचा अधिकारी हात वर करायचा. बाहेर केंद्राचा आदेश होता, पण धक्क्यावर उभं राहून मागावा असा कागद नव्हता. आता चाळीस वाव सांगणाऱ्याला पास दाखव म्हणता येईल. तेव्हा तो एकतर आत असेल, नाहीतर पासवाला असेल.

बंदरावर वाचून दाखवलं. एकाने विचारलं, पास काढायला रांग कुठे लावायची? ऑनलाइन म्हटल्यावर त्याने खिशातून बटणांचा फोन काढून दाखवला.

12 नोव्हेंबर, बुधवार

आजची नोंद लिहायला नको वाटतंय.

पापलेट आलं. 2023 च्या सप्टेंबरात त्याला राज्यमासा केलं, त्याच वर्षी राज्याने 54 जातींचे किमान आकार ठरवले. पापलेट 135 मिमी, सुरमई 370, बोंबील 180. त्याहून लहान पकडायचा नाही. आम्ही लाकडी पट्टी करून घेतली आहे, एका टोकाला आडवी फळी. माशाचं तोंड फळीला टेकवायचं आणि शेपटीकडचा आकडा वाचायचा.

आतापर्यंत आम्ही पट्टी पर्ससीनच्या ढिगावरच लावत होतो. आज मास्तर म्हणाले, सगळ्यांना लावू. एका पाटीतून चाळीस पापलेट उचलून मोजली. तळहाताएवढी, चंदेरी, अंगावरची खवलं बोटाला लागून येणारी. 118. 122. 109. 131. 126. सव्वीस मासे आकारात बसले नाहीत.

पाटी चाचांच्या पुतण्याची. बारीक आसाचं, म्हणजे बारीक भोकांचं, गिलनेट. आमचा माणूस, प्रत्येक निवेदनावर सही करणारा.

मासळी विकणाऱ्या बायकांपैकी सगळ्यात जुन्या मामी तिथेच होत्या. पट्टी माझ्या हातून घेतली, उलटसुलट करून पाहिली. "ही पट्टी घेऊन तू मुंबईच्या बाजारात जा. तिथे छोटं पापलेट कोण मागतं ते मोज. ताटात एक अख्खं बसतं म्हणून हॉटेलवाला हेच घेतो. मोठं मागितलं तर मोठं आणू." मग आवाज खाली आणून, "आणि मोठं आता आहे कुठे?"

पुतण्याचं म्हणणं, मोठ्या आसाचं जाळं टाकतो, पण शेजारचा बारीक टाकून तेच पोर उचलणार असेल तर मी एकट्याने का उपाशी राहायचं? तळावरून जाळं ओढणाऱ्या ट्रॉलवाल्यांचंही हेच आहे. खोळीला (जाळ्याच्या शेवटच्या पिशवीला) 40 मिमीचा चौकोनी आस लावायचा नियम आहे, पण लावला की कोळंबी सांडते म्हणून जुनीच खोळ आत शिवलेली असते.

मास्तरांनी लिहिलं: मोजलेले 40, लहान 26, जाळं गिलनेट, बोटीचा क्रमांक. मी म्हटलं फळ्यावर या आठवड्यात फक्त बेरीज लावू, क्रमांक नको. मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. "मावसभावाचा लावलास ना?"

लावला.

13 नोव्हेंबर, गुरुवार

चाचा टपरीवर आले, बसले नाहीत. दुपारी फळा पुसलेला. मास्तरांनी पुन्हा लिहिला. संध्याकाळी पुन्हा पुसलेला. सकाळी मास्तर डब्यातला पांढरा ऑइलपेंट घेऊन आले.

22 नोव्हेंबर, शनिवार

20 तारखेला अमावास्या होती. टेकडीवरून रात्री 11 ते 2 मोजणी. नुसत्या डोळ्यांना निळसर-पांढरे दिवे चौदा, साध्या बोटींचे पिवळे वेगळे.

यावेळी एक नवं करून पाहिलं. अमेरिकेच्या हवामान उपग्रहांवर 'व्हीआयआयआरएस' नावाचं उपकरण आहे, ते मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास आपल्यावरून जाताना जमिनीवरचे आणि समुद्रावरचे दिवे टिपतं. त्यावरून उजळ बोटींचे ठिपके काढून नकाशा करणारे अभ्यासक आहेत आणि तो कुणालाही पाहता येतो. त्याचं एक चित्रबिंदूचं घर साधारण पाऊण किलोमीटरचं. म्हणजे ठिपका कुणाचा ते कळत नाही, जवळजवळच्या दोन बोटी एकच दिसतात, ढग आला तर काही नाही. पण ठिपका रेषेच्या आत की बाहेर हे कळतं, आणि रात्रीमागून रात्री त्याच पट्ट्यात उजेड आहे हेही.

20 च्या रात्री आकाश स्वच्छ. आमच्या समोरच्या पाण्यात ठिपके दिसले, काही 22 किलोमीटरच्या बऱ्याच आत. त्याच सकाळी वहीत म्हाकूल आणि बांगड्याचे मोठे ढीग पाच बोटींचे. ठिपक्याला नंबर नाही, वहीला उजेड नाही. दोन्ही एका पानावर ठेवले तर अधिकाऱ्याला निदान कुठल्या रात्री, कुठल्या पट्ट्यात गस्त घालायची ते कळेल. तसा अर्ज केला, नकाशासकट.

खात्याकडे आता ड्रोन आहेत. 9 जानेवारीला राज्यात नऊ ठिकाणी सुरू झाले, आमच्या जिल्ह्यात मिरकरवाडा आणि साखरीनाटे. दोन्ही आमच्यापासून दक्षिणेला लांब. ड्रोनला दिशा दाखवायला आमचा कागद उपयोगी पडेल असं अर्जात लिहिलं. पोचपावती मिळाली.

3 डिसेंबर, बुधवार

मासळी निर्यातीच्या एका खरेदीदाराच्या माणसाशी बोलणं. मी त्याला टाळत होते, तोच आला.

युरोपात समुद्रातली मासळी पाठवायची तर 2010 पासून पकड-प्रमाणपत्र लागतं: कुठल्या बोटीने, कुठे, कायद्यात राहून पकडली. आपल्याकडे ते समुद्री उत्पादन निर्यात विकास प्राधिकरणाकडून घ्यायचं. 10 जानेवारी 2026 पासून युरोपात हे सगळं संगणकावर बंधनकारक होणार. कागदाच्या फायलीत खपून जाणारा बोटीचा चुकीचा नंबर तिथे अडकू शकतो. थायलंडला 2015 मध्ये युरोपने 'पिवळं कार्ड' (बेकायदा मासेमारीबद्दलचा इशारा) दाखवलं होतं, ते निघायला 2019 उजाडलं. हे तो मला सांगत होता, जणू मी त्याला दम देणार होते.

त्याची अडचण खरी आहे. दलाल दहा बोटींचं म्हाकूल एकाच टबात ओततो. प्रमाणपत्रावर दहा नंबर चढतात, त्यातले दोन कुठले तरी, यादीत होते म्हणून. लहान बोटींसाठी एकत्र यादीचा सोपा फॉर्म चालतो, तो सोयीचाही आहे आणि पळवाटही.

तर त्याला आमची वही हवी आहे. विकत.

नाही म्हटलं. मग रात्री विचार केला आणि सकाळी वेगळं सांगितलं: वही विकायची नाही, फळा सगळ्यांना फुकट दिसतो, तुम्हीही पाहा. पण ज्या बोटीचा नंबर, जाळं, वेळ वहीत पूर्ण आहे तिच्या म्हाकुलाला किलोमागे काही जास्त देणार का? विचारून सांगतो म्हणाला.

11 डिसेंबर, गुरुवार

विचारून आला. जास्त नाही देणार. पण नोंद असलेल्या बोटींचा माल आधी उचलतील, वेगळ्या टबात, पैसे त्याच आठवड्यात. दलालाकडे पैसे तीन-तीन आठवडे अडकतात, तेव्हा हे काही थोडं नाही.

चाचा जवळजवळ महिन्याने पहिल्यांदा बसले. चहा घेतला. "माझं पान कितवं?" मास्तरांनी वही उघडून दाखवली. चाचांना वाचता येत नाही, पुतण्याने वाचून दाखवलं. सात रकाने, तारखेमागून तारीख. 12 नोव्हेंबरचा रकाना आल्यावर तो थांबला, मग तोही वाचला.

"हे खोडता येत नाय काय?"

"नाही," मास्तर म्हणाले.

"मग बाकीचं पण कोणी खोडणार नाय ना?"

24 डिसेंबर, बुधवार

पुतण्याने नव्या जाळ्याला ऑर्डर दिली, आस मोठा. अर्ध्याच जाळ्यांसाठी. बाकी अर्धी तीच. मी काही बोलले नाही.

22 नोव्हेंबरच्या अर्जाचं उत्तर नाही. स्मरणपत्र पाठवलं.

1 जानेवारी 2026, गुरुवार

काल पर्ससीनचा हंगाम संपला. आज सकाळी 8:20 ला पर्ससीनची एक बोट बांगडा घेऊन लागली. सुरक्षारक्षकाच्या वहीत निघाल्याची वेळ 5:10. तीन तास दहा मिनिटं, त्यातला निदान दीड तास जाळं टाकून ओढण्यात. उरलेल्या वेळात बारा मैलांच्या बाहेर जाऊन कुणी येऊन दाखवावं.

मास्तर ढिगाशेजारी बसले. क्रमांक. जाळं: पर्ससीन. निघाली, आली. वाव?

तांडेल समुद्राकडे पाहत राहिला. मास्तरांनी पुन्हा विचारलं. त्याने उत्तर दिलं नाही, तेव्हा मास्तरांनी 'सांगितले नाही' असं पूर्ण लिहिलं, टपोऱ्या अक्षरात, शिसपेन्सिलीला एकदा टोक करून.

लिलाव पुकारणारा ढिगावर पाय ठेवून उभा होता. गर्दी ओरडत होती, बांगडा उन्हात पडला होता. मास्तरांनी वही मिटली, मग त्याने पहिली बोली लावली.

पानाचा फोटो 10:40 ला मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यालयात पाठवला. सोबत 12 नोव्हेंबरचं पानही.